परसातील मांडव : थोड्या जागेत वेलवर्गीय भाज्यांची लागवड

गावठाणातील घरांच्या मागील परस दिवसेंदिवस आखूड होत चालले आहेत. भावाभावांच्या वाटण्या होतात, घराला एखादी खोली वाढते, न्हाणीघर व शौचालय बांधले जाते, आणि पूर्वी जेथे केळी, शेवगा व चार वाफे भाजी होती तेथे दहा फूट लांब व दहा फूट रुंद एवढीच मोकळी जागा उरते. अशा घरी परसबागेचा विषय काढला असता "आमच्याकडे जागा कोठे आहे?" असे उत्तर मिळते. ग्रामपातळीवरील कार्यकर्ताही बहुधा हे उत्तर मान्य करून पुढच्या घरी जातो. भूमिहीन मजुराच्या घरी तर हा प्रश्न विचारलाच जात नाही.

वास्तविक वेलवर्गीय भाजीला जमीन फारच थोडी लागते. तिच्या मुळांना हात-दीड हात रुंदीचे आळे पुरते. विस्तीर्ण जागा हवी असते ती पानांना, कारण पानांना ऊन हवे असते. मूळ व पाने यांच्यामध्ये पाच-सहा फूट नुसती हवा असली तरी वेलीचे काही बिघडत नाही. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. दहा फूट चौरसाचा परस हा त्याच्या दहाव्या भागाहूनही लहान होय. दुधी भोपळ्याचा एकच वेल जमिनीवर सोडला तर तो हा सगळा परस व्यापून टाकील, आणि मग पाय ठेवण्यासही जागा उरणार नाही. तोच वेल मांडवावर चढविला तर खालची जमीन मोकळी राहते, सावलीत बसता येते, भांडी घासता येतात व शेळीही बांधता येते. मात्र शेळी बांधावयाची ती वेलाच्या बुंध्यापासून दूर, हे सांगावयास नकोच.

हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शिकेत सर्वसाधारण प्रौढ माणसाच्या दिवसाच्या आहारात सुमारे ४०० ग्रॅम भाजीपाला असावा असे म्हटले आहे. पाच माणसांच्या कुटुंबास या हिशेबाने रोज सुमारे दोन किलो भाजी लागेल. एका मांडवाने ही सर्व गरज भागेल असे कोणी सांगू लागल्यास ते खरे मानू नये. परंतु ज्या घरी आठवड्याच्या बाजारी भाजी आली तर आली, एरवी चटणी-भाकरीवर दिवस जातो, तेथे पावसाळ्याचे दोन-तीन महिने दिवसाआड दोडके, कारली किंवा दुधी हाताशी असणे ही लहान गोष्ट नव्हे. श्रावण-भाद्रपदात बाजारात भाजी महाग असते, आणि नेमक्या त्याच दिवसांत मांडव भरात असतो.

मांडव का पडतात

मांडवाची ही उपयुक्तता सर्वांस ठाऊक असूनही पुष्कळ घरी एकदा मांडव झाला व पुन्हा झाला नाही असे आढळते. कारण विचारले असता बी वाईट होते, कीड पडली, अशी उत्तरे मिळतात. तथापि अधिक चौकशी केल्यास बहुतेक ठिकाणी एकच हकीकत निघते. प्रथम बी लावले गेले. वेल हातभर झाल्यावर एखादी काठी रोवली गेली. वेल काठीच्या टोकास पोहोचल्यावर घाईने चार वाकडे दांडके व जुनी दोरी यांचा मांडव उभा राहिला. आषाढातील एका रात्री पाऊस व वारा एकदम आला आणि सकाळी सगळा मांडव फुलाफळांसह भुईसपाट झालेला दिसला. पडलेला वेल पुन्हा उचलता येत नाही. उचलताना त्याचे खोड पिरगळते व तो सुकतो. घरातील बाईने दोन महिने घागरी वाहून घातलेले पाणी एका रात्रीत वाया जाते. त्यानंतर त्या घरी परसबागेविषयी कोणी कितीही सांगितले तरी कान दिला जात नाही, आणि यात त्या घरचा दोष नाही.

म्हणून या कामातील पहिला नियम असा की, मांडव आधी व बी नंतर. मांडव पुरा उभा राहून त्यावर माणसाने लोंबकळून पाहिल्याखेरीज आळ्यात बी टाकू नये. बियांचे पाकीट वाटण्यापूर्वी मांडव पाहावयाचा, असा शिरस्ता कार्यकर्त्यांनी ठेवला तर वाटलेल्या बियांपैकी पुष्कळ बियांचे सार्थक होईल.

जागा

वेलीस दिवसातून निदान सहा तास ऊन मिळाले पाहिजे. ऊन कोठे पडते हे पाहताना ऋतूचा विचार करावा लागतो. महाराष्ट्रात सूर्य वर्षभर दक्षिणेकडूनच जातो अशी पुष्कळांची समजूत असते, पण ती पूर्ण खरी नाही. मुंबईच्या अक्षांशावर मे महिन्याच्या मध्यास व पुन्हा जुलैच्या अखेरीस दुपारचा सूर्य अगदी माथ्यावर येतो, आणि या दोन दिवसांच्या दरम्यान तो माथ्याच्या किंचित उत्तरेकडे असतो. त्यामुळे घराच्या उत्तरेकडील परसात पावसाळी मांडव चांगला होऊ शकतो. हिवाळ्यात मात्र सूर्य बराच दक्षिणेस कलतो व त्याच परसात घराची सावली दिवसभर पडून राहते. तेथे थंडीत वाल लावल्यास पाला वाढेल व शेंगा थोड्या येतील. परस दक्षिणेस किंवा पश्चिमेस असेल तर बाराही महिने अडचण नाही. मांडवाबरोबर मेथी-पालकाचे वाफे करावयाचे असल्यास मांडव वाफ्यांच्या उत्तरेस घ्यावा, म्हणजे हिवाळ्यात त्याची सावली वाफ्यांवर येणार नाही.

वेलीचे आळे भिंतीला लागून खणू नये. रोजचे पाणी पायात मुरून मातीची भिंत फुगते व ढासळते. निदान तीन फूट अंतर सोडावे. कौलारू छपरावर वेल चढविण्याची चाल पुष्कळ गावी आहे. भोपळ्याला ती मानवते हे खरे. परंतु फळ काढण्यासाठी माणूस वर चढला म्हणजे कौले फुटतात, आणि वेलीच्या आशेने माकडे आली म्हणजे उरलेली फुटतात. पत्र्याच्या छपरावर तर उन्हाने फळे भाजतात. तेथे वेल न्यावयाचाच असेल तर पत्र्यावर पेंढ्याचा थर द्यावा.

आणखी एक गोष्ट जिवाशी संबंधित आहे. खांबावरून घरात येणारी विजेची तार मांडवावरून किंवा त्याच्या जवळून जात असेल तर ती जागा सर्वथा सोडून द्यावी. ओला वेल तारेवर चढतो, मांडवाची लोखंडी तार त्यास चिकटते व भाजी तोडावयास गेलेल्या माणसास धक्का बसतो. याचप्रमाणे कपडे वाळत घालण्याची तार मांडवाच्या तारेस जोडू नये.

उभारणी

दहा फूट चौरस मांडवास नऊ खांब लागतात : चार कोपऱ्यांवर, चार बाजूंच्या मध्यावर व एक मधोमध. खांब आठ फुटांचे घ्यावेत. पैकी दोन फूट जमिनीत जातील व सहा फूट वर राहतील. सहा फुटांहून उंच मांडव करण्याचा मोह होतो, पण भाजी तोडणारी बहुधा घरातील स्त्री असते व तिचा हात जेथे सहज पोहोचत नाही तेथील फळ जून होईपर्यंत वेलीवर राहते. वेलीवर एक फळ जून झाले की पुढची फळे धरण्याचे प्रमाण कमी होते. उंच मांडव म्हणजे कमी भाजी, असेच म्हणावयास हरकत नाही.

खांबांसाठी बाभूळ, साग किंवा जाड बांबू चालतो. कोकणातील माणगा जातीचा बांबू भरीव असल्याने या कामी उत्तम होय. बांबू हिवाळ्यात तोडलेला असावा. पावसाळ्यात तोडलेल्यास भुंगा लवकर लागतो. तोडल्यावर तो काही आठवडे ओढ्याच्या किंवा विहिरीच्या पाण्यात बुडवून ठेवला असता त्यातील पिठूळ अंश निघून जातो व कीड कमी लागते. खांबाचे जे टोक जमिनीत जावयाचे ते जमिनीवर वीतभर येईल इतक्या उंचीपर्यंत विस्तवावर वरवर जाळून घ्यावे अथवा त्यास डांबर फासावे. लाकूड कुजते व त्यास वाळवी लागते ती मुख्यतः जमिनीच्या पृष्ठभागाशी, तेथेच ओल व हवा दोन्ही असतात.

जिवंत खांबांचा विचारही अवश्य करावा. महाराष्ट्रातील पानमळ्यांत नागवेलीस शेवरी, शेवगा, हादगा, पांगारा यांचा जिवंत आधार देण्याची पद्धत फार जुनी आहे. परसातील मांडवाच्या एका कोपऱ्यावर शेवग्याची जाड फांदी लावली तर ती फुटते, वाळवीस दाद देत नाही आणि पाला व शेंगाही देते. मात्र तिच्या फांद्या वरचेवर छाटल्या पाहिजेत. नाहीतर खांबच मांडवावर सावली करील. नुकत्याच लावलेल्या फांदीवर भार देऊ नये. प्रथम वर्षी शेजारी साधा खांब ठेवावा.

खड्डा पहारीने दोन फूट खोल घ्यावा. येथे जमिनीचा प्रकार पाहणे अगत्याचे आहे. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते व पावसाने फुगते, त्यामुळे तिच्यात रोवलेला खांब दर वर्षी सैल होतो. काळ्या जमिनीत खड्डा थोडा मोठा घेऊन खांबाभोवती दगड व मुरूम घालावा व थर-थर धुम्मस करावी. खणून काढलेली काळी माती पुन्हा आत भरू नये. मुरमाड व तांबड्या जमिनीत हा त्रास नाही.

मांडवावर येणारा भार किती हे एकदा मनाशी धरावे. एका वेळी पंधरा दुधी लोंबत असतील व प्रत्येक एक किलोचा असेल तर फळांचेच वजन पंधरा किलो होते. पाला व खोडे यांचे वजन निराळे, आणि पावसात भिजलेल्या पाल्याचे त्याहूनही अधिक. तरीही खांब मोडतात ते वजनाने क्वचितच. दाट पाल्याचा मांडव वाऱ्यापुढे शिडासारखा वागतो. वारा त्यास एका अंगास लोटतो आणि भिजून मऊ झालेल्या जमिनीतून खांब कलतात. म्हणून सर्व बळ या कलण्याविरुद्ध योजले पाहिजे. बाहेरील आठ खांब किंचित बाहेरच्या अंगास झुकते रोवावेत. कोपऱ्यावरील प्रत्येक खांबाच्या माथ्यापासून तिरपा ताण काढून तो बाहेर तीन-चार फुटांवर पुरलेल्या दगडास बांधावा. ताणासाठी जस्ती तार घ्यावी. हा दगड निदान दीड फूट खोल असावा. जमिनीवर ठेवलेला दगड किंवा ठोकलेली खुंटी पावसाळ्यात उपटून येते. परसात ताणास जागा नसेल तर कोपऱ्यांच्या खांबांना आतून तिरपे टेके द्यावेत. केवळ चार ताण न दिल्यामुळे उत्तम सागाचे मांडव पडल्याची उदाहरणे आहेत, आणि ताण दिलेले साध्या बाभळीचे मांडव तीन-तीन वर्षे टिकल्याचीही आहेत.

माथ्यावर आडवे बांबू बांधून त्यांवर दीड-दीड फुटांवर उभ्या-आडव्या तारा किंवा काथ्याच्या दोऱ्या ताणाव्यात. तागाची सुतळी पावसात दोन-तीन महिन्यांत कुजते, म्हणजे नेमकी फळे भरतात तेव्हा तुटते. तिचा उपयोग फक्त वेल वर चढविण्यापुरता करावा.

मांडव, ताटी की काठी

सर्व वेलींना आडवा मांडव लागतो असे नाही. दुधी, पडवळ व तोंडली यांना मांडवच हवा. पडवळाचे फळ लांब असते व ते मोकळे लोंबले तरच सरळ वाढते. ते वाकू लागल्यास त्याच्या टोकास लहानसा दगड दोऱ्याने बांधण्याची जुनी पद्धत योग्यच आहे. कारली, काकडी व दोडका हे ताटीवरही तितकेच चांगले येतात. ताटी म्हणजे दोन खांबांमध्ये उभ्या ताणलेल्या तीन-चार तारा. दोन घरांमधील तीन फुटांच्या बोळात, कुंपणाच्या कडेने किंवा पडवीच्या पुढे ताटीस जागा निघते. ती शक्य तो दक्षिणोत्तर घ्यावी, म्हणजे सकाळी एका अंगास व दुपारनंतर दुसऱ्या अंगास ऊन मिळते. वेलघेवडा, चवळी व मायाळू यांना नुसत्या काठ्या पुरतात. तीन काठ्यांची टोके एकत्र बांधून केलेली तिकाटी वाऱ्यास चांगली टिकते.

तोंडली बियांपासून लावू नयेत. या जातीत नर व मादी वेल निरनिराळे असतात व बियांपासून आलेल्या वेलींत कित्येक नर निघतात. त्यांना फळ येत नाही. भरपूर फळे देणाऱ्या माहितीच्या वेलीची पेन्सिलीएवढी जाड, चार-पाच डोळ्यांची फाटी लावावी. एकदा लागलेला तोंडलीचा वेल काही वर्षे राहतो, म्हणून त्यास परसाचा कायमचा कोपरा द्यावा.

वालाची गोष्ट वेगळी. पावसाळ्याच्या आरंभी लावलेला गावठी वाल भाद्रपद संपला तरी फुलत नाही व उतावीळ माणसे तो वांझ समजून उपटून टाकतात. गावठी वाल दिवस लहान होऊ लागल्यावरच फुलावर येतो. दोडका व काकडी यांचा हंगाम संपत आला की त्याच मांडवावर वाल पसरतो व थंडीभर शेंगा देतो. एका मांडवावर दोन हंगाम घेण्याची याहून सोपी रीत नाही.

सुधारित वाणांपैकी राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठाचे सम्राट दुधी, हिरकणी कारली, फुले सुचेता दोडका व हिमांगी काकडी, तसेच दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषि विद्यापीठाचे कोकण तारा कारली, कोकण श्वेता पडवळ व शीतल काकडी हे वाण प्रचलित आहेत. गावात एखाद्या म्हाताऱ्या बाईने राखून ठेवलेले चांगले गावठी बी मिळत असेल तर तेही अवश्य लावावे. ते पुढील वर्षी पुन्हा धरता येते. दुकानातील संकरित वाणाच्या फळाचे बी धरल्यास मात्र पुढील पिढीत एकसारखे वेल येत नाहीत.

आळे, बी व पाणी

दहा फूट चौरस मांडवास चार आळी पुष्कळ झाली : एका बाजूस दोन दोडक्याची किंवा कारल्याची, समोरच्या बाजूस एक दुधीचे व एक पडवळाचे. अधिक आळी केल्यास वेली एकमेकींस दाबतात व सर्वच खुरटतात. प्रत्येक खड्डा दीड फूट लांब, रुंद व खोल घेऊन उन्हाळ्यात तापू द्यावा. वरच्या मातीत एक-दोन घमेली चांगले कुजलेले शेणखत व दोन मुठी निंबोळी पेंड मिसळून तो भरावा. ताजे शेण घातल्यास हुमणी होते. पावसाळ्यात आळे भोवतालच्या जमिनीपेक्षा वीतभर उंच असावे. मुळाशी पाणी साचलेला वेल आठवडाभरात पिवळा पडतो. उन्हाळी लागवडीत हेच आळे खोलगट ठेवावे.

पावसाळी लागवड जूनमध्ये, उन्हाळी लागवड जानेवारी-फेब्रुवारीत करावी. प्रत्येक आळ्यात तीन-चार बिया टोकून जोमदार अशी दोन रोपे राखावीत. कारल्याचे बी कठीण कवचाचे असते, म्हणून ते रात्रभर पाण्यात भिजवून मग लावावे.

उन्हाळी मांडवास मोरीचे पाणी उपयोगी पडते. त्यासाठी मोरीपासून लहान चर काढून ते पाणी प्रथम अळू किंवा कर्दळीच्या वाफ्यातून जाऊ द्यावे व मग आळ्याकडे न्यावे. कपडे धुण्याचे, सोड्याचे पाणी रोज त्याच त्या आळ्यात गेल्यास जमीन घट्ट होते. ते पाणी आळीपाळीने वळवावे व मधूनमधून चांगले पाणी द्यावे. कच्ची खावयाची कोथिंबीर किंवा मुळा या पाण्यावर वाढवू नये. पाणी कोठेही साचून राहता कामा नये. साचलेल्या पाण्यात डास होतात, आणि भाजीसाठी केलेली सोय घरात ताप घेऊन येते.

वेलीस वळण

रोप हातभर झाले की त्याच्या शेजारून मांडवापर्यंत सुतळी सोडावी. सुतळी खोडास आवळून न बांधता सैल फास द्यावा. मांडवाच्या उंचीपर्यंत एकच मुख्य वेल न्यावा. वाटेत निघणाऱ्या बगलफुटी खुडून टाकाव्यात. वेल मांडवावर वीतभर गेला की त्याचा शेंडा खुडावा, म्हणजे दोन-तीन फांद्या फुटून सर्व बाजूंस पसरतात. हे शेंडा खुडणे पुष्कळांस निर्दयपणाचे वाटते. पण न खुडलेला वेल एकाच दिशेने धावत शेजारच्या घरावर जातो, आणि भाजी शेजाऱ्यास व भांडण आपल्यास असा प्रकार होतो.

पहिले पंधरा दिवस फुले येतात व फळ धरत नाही, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. या वर्गातील बहुतेक वेलींत नरफुले व मादीफुले एकाच वेलीवर पण निरनिराळी असतात आणि प्रथम नरफुलेच येतात. मादीफुलाच्या मागे इवलेसे फळ दिसते, यावरून ते ओळखावे. नरफुले वांझ समजून खुडून टाकू नयेत. त्यांतील पराग मादीफुलावर पोहोचल्याखेरीज फळ धरत नाही. हे काम मधमाश्या व इतर कीटक करतात. झडीच्या दिवसांत ते बाहेर पडत नाहीत व कोवळी फळे पिवळी होऊन गळतात. अशा वेळी ताजे नरफूल तोडून, त्याच्या पाकळ्या मागे सारून, त्याचा मधला भाग मादीफुलाच्या मध्यावर हलकेच टेकवावा. कारली, काकडी व घोसाळी यांची फुले सकाळी उमलतात, तर दुधी, दोडका व पडवळ यांची सायंकाळी. त्या त्या वेळी हे काम करावे. लहान मुले ते आवडीने करतात.

कीड

रोप दोन पानांवर असताना तांबडे भुंगे पाने चाळणीसारखी करतात. पहाटे दवात ते सुस्त असतात, तेव्हा हाताने वेचून साबणाच्या पाण्यात टाकावेत. पानांवर राख धुरळावी.

परंतु मांडवाचा खरा शत्रू म्हणजे फळमाशी होय. ती कोवळ्या फळाच्या सालीत अंडी घालते, आत अळ्या होतात, फळ वाकडे होऊन सडते व गळते. अळी फळातून निघून मातीत जाते, तेथे कोष करते व पुन्हा माशी होऊन वर येते. गळलेले फळ परसात तसेच पडू देणे म्हणजे पुढच्या पिढीच्या माश्या आपणच पाळणे होय. किडके फळ रोज वेचावे व दोन फूट खोल पुरावे अथवा पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवावे. उकिरड्यावर फेकू नये. मांडवाखालची माती आठवड्यातून एकदा वरवर उकरावी, म्हणजे कोष उघडे पडतात व कोंबड्या ते टिपतात. फळ बोटाएवढे असतानाच त्यावर कागदाची पिशवी चढविली तर ते हमखास वाचते.

सापळा लावावयाचा असल्यास त्यातील आमिष कोणते हे विचारून घ्यावे. आंब्यावरील फळमाशीच्या सापळ्यात मिथाइल युजेनॉल असते. वेलवर्गीय भाज्यांवरील फळमाशी त्याकडे येत नाही. तिच्यासाठी क्यू-ल्युअर हे आमिष लागते. चुकीचा सापळा लावून "सापळ्याचा काही उपयोग नाही" असा ग्रह कित्येकांनी करून घेतला आहे. ज्या मांडवाखाली मुले खेळतात व ज्यावरील भाजी दिवसाआड तोडली जाते तेथे विषारी औषधाची फवारणी न करणेच इष्ट.

भाजी तोडताना प्रथम मांडवाच्या पाल्यात नजर टाकावी व मग हात घालावा. पाखरांच्या मागावर कधी कधी साप वर चढतो. मांडवाखाली लाकडे व कवाड यांचा ढीग ठेवू नये.

दुधीविषयी एक इशारा प्रत्येक घरी पोहोचावयास हवा. क्वचित एखादा दुधी कडू निघतो. हा कडूपणा कारल्याच्या कडूपणासारखा निरुपद्रवी नसतो; त्यातील विषारी द्रव्यामुळे पोटात तीव्र कळा, जुलाब व रक्ताच्या उलट्या होऊन जीव धोक्यात आल्याची उदाहरणे आहेत. दुधी चिरल्यावर लहानसा तुकडा जिभेस लावून पाहावा. कडू लागल्यास तो थुंकून टाकावा व सर्व फळ फेकून द्यावे. शिजवून किंवा रस काढून ते विष जात नाही. त्रास झालेल्या माणसास विलंब न लावता दवाखान्यात न्यावे. अशा फळाचे बी कधीही धरू नये.

जेथे मातीच नाही

काही परस पूर्ण फरसबंद असतात. तेथे जुने पोते उपयोगी पडते. पोत्याच्या मधोमध बूड काढलेला डबा ठेवून त्यात खडी व भोवताली माती-शेणखत भरावे. डबा वर ओढून पुन्हा खडी भरावी. असे करीत गेल्यास पोत्यात खडीचा एक खांब तयार होतो व वरून घातलेले पाणी तळापर्यंत सर्वत्र पोहोचते. पोत्याच्या अंगास वीत-वीत अंतरावर भोके पाडून त्यांत पालक, लाल माठ किंवा पुदिना लावावा व माथ्यावर मिरचीची दोन रोपे किंवा मायाळूची फाटी लावावी. ओले पोते फार जड होते, म्हणून भरण्यापूर्वीच त्याची जागा ठरवावी.

मांडवाच्या दाट सावलीत मेथी-पालक नीट होत नाहीत, पण आले, हळद व अळू होतात. उन्हाळी मांडवाखाली कोथिंबीरही बाजारापेक्षा बरी येते.

वाल संपला की वाळलेले वेल तारांवरून ओरबाडू नयेत, त्याने तारा ढिल्या होतात. बुंध्याशी कापून आठवडाभर तसेच वाळू द्यावेत, मग ते सहज झडतात. निरोगी वेल खतखड्ड्यात व रोगट वेल चुलीत घालावेत. चैत्रात एकदा प्रत्येक खांब हाताने हलवून पाहावा. जो हलेल त्याच्या बुडाशी मुरूम ठोकावा, ताण पुन्हा आवळावेत आणि आळी उकरून उन्हात तापत ठेवावीत.